पाचट-काडाच्या कंपोस्टला युरिया, सुपर, जिप्सम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस तुटून गेला, सोयाबीनची मळणी झाली, गहू निघाला की हे प्रश्न सुरू होतात. गावोगावच्या शेतकऱ्यांनी मला विचारलेले आणि मी स्वतः ढीग लावताना मला पडलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः उसाच्या पाचटाची, म्हणजे वाळलेल्या पानांची आहेत, कारण माझा हात त्यातच बसला आहे. बाकीच्या काडाचंही पुढे आहे.

पाचट नुसतं ढीग करून ठेवलं तर कुजत नाही का? रसायन घालायचंच कशाला?

कुजतं. पण ढीग वर्षभरानं उघडला तरी आतली पानं अख्खी, करकरीत निघतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कारण पाचटात कर्ब भरपूर असतो आणि नत्र अगदी थोडं. कुजवण्याचं काम जिवाणू आणि बुरशी करतात. कर्ब ही त्यांची भाकरी, पण स्वतःचं शरीर वाढवायला त्यांना नत्र लागतं. नत्र संपलं की त्यांची वाढ थांबते आणि ढीग थंड पडतो.

हिशेब करून बघू. वाळलेल्या एक टन पाचटात साधारण ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र धरा, म्हणजे ८० ला १. ढीग चांगला तापायला हे गुणोत्तर ३०च्या आसपास असावं लागतं. युरिया आणि सुपर (सिंगल सुपर फॉस्फेट हे खत) देतो ते या जिवाणूंसाठी. युरियानं पाचट विरघळत नाही, तो जिवाणूंना पुरवलेला शिधा आहे. एवढं ध्यानात ठेवलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप सुटतात.

प्रमाण किती?

उसाच्या पाचटासाठी आपल्याकडची रुळलेली शिफारस अशी: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. जोडीला ताज्या शेणाचा काला. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे टनामागे युरियाचा खर्च पन्नास रुपयांच्या आतच. इतक्या कमी पैशात होणारं काम पाचट पेटवून वाया घालवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पेटवलं की त्यातलं जवळजवळ सगळं नत्र धुरात जातं, गंधक जातं, कर्ब तर जातोच.

८ किलोनं गुणोत्तर ३०वर येत नाही, मी मोजलं. मग युरिया दुप्पट का टाकू नये?

बरोबर मोजलंत. ८ किलो युरियात ३.७ किलो नत्र असतं. पाचटातलं ५ धरून ८.७ झालं. ४०० भागिले ८.७, म्हणजे ४६. तीसवर आणायचं तर १८ किलो युरिया लागेल. तरीही शिफारस ८ चीच आहे आणि ती योग्य आहे. त्याची दोन कारणं.

एक, ४०० किलोतला सगळा कर्ब जिवाणूंच्या लगेच हाती लागत नाही. बराचसा लिग्निनमध्ये, म्हणजे काडाला कडकपणा देणाऱ्या चिवट भागात अडकलेला असतो आणि सावकाश सुटतो. जे तोंडाला लागतच नाही, त्याच्यासाठी आजच नत्र वाढून उपयोग नाही. जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुजताना कर्ब जळतो, पण नत्र सांभाळलं तर ते ढिगातच राहतं. निम्मा कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन गेला की २०० भागिले ८.७, म्हणजे २३. अजून थोडा गेला की २०च्या खाली, खत तयार. युरिया न देता तेवढाच कर्ब गेला असता तर २०० भागिले ५, म्हणजे ४०. असं अर्धकच्चं खत शेतात गेलं की ते जमिनीतलंच नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं.

टनभर पाचट ओळखायचं कसं? अंदाज नेहमी चुकतो.

अंदाजावर जाऊ नका. एकाच मापाच्या दहा भाऱ्या बांधा, काट्यावर वजन करा, सरासरी काढा आणि ढिगात किती भाऱ्या गेल्या ते मोजा. न कुटलेलं पाचट फुगीर असतं, डोळ्याला दिसतं त्यापेक्षा वजनाला खूपच कमी भरतं. त्यामुळे बहुतेकांच्या हातून युरिया जास्त पडतो. पाचट ओलं असेल तर तेवढं वजन वजा करायला विसरू नका.

युरिया ढिगावर फोकून दिला तर चालेल का?

नको. कोरडा दाणा एका जागी पडतो, तिथे अमोनियाचा भपका होतो आणि वीतभर बाजूला जिवाणू उपाशी राहतात. पाण्यात विरघळवून झारीनं किंवा पंपानं प्रत्येक थरावर सारखा मारायचा.

माझी पद्धत सांगतो. पाचटाचा फूटभर थर पसरायचा, पाणी मारून तुडवायचा. मग युरिया-सुपरचं पाणी, त्यावर शेणकाला आणि संवर्धक. मग पुढचा थर. ढीग दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच तरी हवा, नाहीतर आत उष्णता टिकत नाही. युरिया मी दोन हप्त्यांत देतो: निम्मा ढीग लावताना, निम्मा पंधरा-वीस दिवसांनी पहिली उलथापालथ करताना. सुरुवातीला एकदम सगळा दिला की पहिल्या आठवड्यात ढीग सगळ्यात गरम असताना नत्र उडतं.

युरिया आणि सुपर कोरडे एकत्र करून ठेवू नका. दोन्ही मिळून ओलसर चिखल होतो. ज्या दिवशी वापरायचं त्याच दिवशी पाण्यात कालवा. आणि संवर्धक त्या पाण्यात टाकू नका. तिखट क्षाराच्या द्रावणात जिवाणूंचं नुकसान होतं. त्यांना शेणकाला आणि थोडा गूळ घातलेली वेगळी बादली ठेवा.

पाणी किती लागतं?

लोक युरियाचा किलो-किलोचा हिशेब करतात आणि पाण्यात चुकतात. वाळलेल्या एका टन पाचटाला साठ टक्के ओलाव्यापर्यंत आणायला साधारण १,२०० ते १,३०० लिटर पाणी लागतं. पाचटाच्या पानावर मेणासारखा थर असतो, पहिलं पाणी वरून घसरूनच जातं. म्हणून थोडं-थोडं, थांबून-थांबून मारा. ढिगाच्या आतलं मूठभर काढून घट्ट पिळा. बोटांच्या फटीत ओल दिसावी, एखाद-दुसरा थेंब सुटावा, धार लागू नये.

सुपरच का? डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) चालणार नाही का, त्यात तर नत्रही आहे?

स्फुरद (फॉस्फरस) दोन्हींत आहे, पण कंपोस्टसाठी सुपर जास्त कामाचं. सिंगल सुपरमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक असतं आणि त्याचा मोठा भाग जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) रूपात असतो. शिवाय सुपर आम्लधर्मी आहे. युरिया फुटला की ढिगाचा सामू (पीएच) आठच्या वर चढतो आणि त्या सामूला, त्या उष्णतेला अमोनिया हवेत पळायला बघतो. सुपरचं आम्ल सामू खाली ओढतं, जिप्सम अमोनियाला अमोनियम सल्फेटच्या रूपात बांधून ठेवतं. म्हणजे सुपर स्फुरद देतं आणि नत्राची राखणही करतं. डीएपीचं द्रावण उलट किंचित विम्लधर्मी असतं. राखणीचं काम त्याच्याकडून होत नाही, आणि ते महागही पडतं.

भुकटी सुपर मिळालं तर तेच घ्या. दाणेदार असेल तर आदल्या रात्री वेगळं भिजत घाला. तळाशी पांढरा गाळ राहतो, तो जिप्समचा असतो. तो फेकू नका, ढवळून ढिगावरच जाऊ द्या.

ढीग उघडला की डोळ्यांतून पाणी येतं इतका उग्र वास येतो. काय चुकलं?

तो वास म्हणजे तुमचं नत्र उडून चाललंय. युरिया जास्त झाला, एकाच जागी पडला, किंवा चुना-राख मिसळली गेली.

माझ्याकडून हे झालेलं आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितलं की चुन्यानं लवकर कुजतं. मी युरियाच्या पाण्याबरोबरच विझवलेला चुना थराथरावर भुरभुरला. चौथ्या दिवशी सकाळी ढिगाला फावडं लावलं आणि नाकात, घशात अशी झोंबाझोंब झाली की फावडं टाकून बांधावर येऊन बसावं लागलं. ढीग हाताला चटका बसेल इतका तापला होता, वाफ निघत होती, आणि त्या वाफेबरोबर युरियाचे पैसे जात होते. पुढे तो ढीग थंड पडला आणि उन्हाळाभर तसाच राहिला. चुन्यानं सामू वर गेला, अमोनिया सुटला, जिवाणूंना काहीच उरलं नाही.

आता असं झालं तर ढीग लगेच उलथवू नका, उलथवल्यावर आणखी उडतं. वरून कोरडं, न कुजलेलं पाचट किंवा चांगली माती चार बोटं पसरा, टनाला पाच-सात किलो जिप्सम किंवा सुपरचं पाणी द्या आणि दोन दिवस थांबा.

सडक्या अंड्यासारखा वास असेल तर रोग वेगळा आहे. ढिगात पाणी साचलंय, हवा नाही, आणि सुपर-जिप्सममधल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. तेव्हा मात्र ढीग ताबडतोब उलथवा आणि कोरडं काड मिसळा.

मग चुना आणि राख कधीच घालू नये का?

युरियाबरोबर कधीच नाही. चुलीची राख पालाश देते, ती घालायचीच असेल तर ढीग थंड झाल्यावर, शेवटच्या उलथापालथीत, थोडी. काळ्या, चुनखडीच्या जमिनीसाठी तयार होणाऱ्या खतात चुन्याला जागाच नाही.

वेगळं जिप्सम घालून फायदा आहे का?

सुपर घालत असाल तर थोडाफार. सुपर न घालता शेण किंवा कोंबडीखत जास्त वापरत असाल तर नक्कीच. टनाला २० ते ३० किलो पुरे. पांढऱ्या बटण मशरूमवाल्यांचं कंपोस्ट बघा: गव्हाचं काड, कोंबडीखत, युरिया आणि त्यात हमखास जिप्सम. जिप्समनं काड चिकट-तेलकट होत नाही, मोकळं राहतं, हवा खेळते आणि अमोनिया अडतो. त्यांच्याकडून हे शिकण्यासारखं आहे.

नीमकोटेड युरियानं कुजण्याला अडथळा येतो का?

नाही. २०१५पासून आपल्याकडचा सगळा युरिया नीमकोटेड आहे. निंबोळीचा लेप अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. कुजवणारे जिवाणू अमोनियमच आवडीनं घेतात, त्यामुळे ढिगात त्यानं बिघडत काही नाही.

सोयाबीनचं कुटार, गव्हाचं काड, भाताचा पेंढा, पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) यांना हेच प्रमाण का?

गव्हाचं काड पाचटासारखंच, ८ किलो धरा. भाताच्या पेंढ्याला सहा-सात. सोयाबीनच्या कुटारात नत्र जास्त असतं, ४ किलो युरिया पुष्कळ झाला. मात्र कुटार बारीक असल्यामुळे दबून बसतं, मधे-मधे पाचट किंवा तुराट्यांचे (तुरीच्या काड्यांचे) तुकडे घाला.

पऱ्हाटी आणि तुराट्यांना युरियापेक्षा श्रेडरची गरज जास्त आहे. अख्ख्या पऱ्हाटीवर कितीही युरिया ओता, आतलं लाकूड तसंच राहतं. दोन बोटांएवढे तुकडे करा, मग पाच-सहा किलो युरिया द्या. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनंही पऱ्हाटी बांधावर रचून ठेवण्यापेक्षा बारीक करून तापलेल्या ढिगात जाणं केव्हाही चांगलं.

रॉक फॉस्फेट घातलं तर स्फुरदयुक्त कंपोस्ट होतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते हा फायदा आपण अजून नीट उचललेला नाही. उदयपूरजवळच्या झामरकोटड्याच्या खाणीतून येणारं रॉक फॉस्फेट तसंच काळ्या जमिनीत टाकलं तर जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण त्याला विरघळायला आम्ल लागतं आणि आपली जमीन विम्लधर्मी. कुजणाऱ्या ढिगात मात्र जिवाणू आणि बुरशी सायट्रिक, ऑक्झॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्लं सोडतात आणि दगडातला स्फुरद हळूहळू मोकळा होतो. वाळलेल्या काडाच्या वजनाच्या १० ते साडेबारा टक्के, म्हणजे टनाला १०० ते १२५ किलोपर्यंत बारीक दळलेलं रॉक फॉस्फेट थराथरात घालतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू ढीग निवल्यावरच द्या, ६० अंशांच्या ढिगात ते तगत नाहीत. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीत रॉक फॉस्फेट थेटही बऱ्यापैकी काम करतं.

हिराकस (फेरस सल्फेट), झिंक सल्फेट कंपोस्टमध्ये घालावं का?

सुरुवातीला नको, शेवटी घाला. उसासाठी हेक्टरी २५ किलो हिराकस आणि २० किलो झिंक सल्फेट दहापट शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून द्यायची पद्धत आहे, तीच तयार कंपोस्टला लागू करा. चुनखडीच्या रानात नुसतं हिराकस टाकलं की लोह काही दिवसांत बांधलं जातं. खतातली ह्युमिक द्रव्यं लोह-जस्ताला धरून ठेवतात आणि मुळाला देतात. मुरवताना थोडं पाणी शिंपडा आणि गोणपाट झाका.

फॉस्फोरिक आम्ल, तुरटी असंही वापरतात असं ऐकलं.

अमोनिया अडवायला ती वापरता येतात, तत्त्व सुपरचंच. पण शेतावर आम्ल हाताळणं धोक्याचं आहे आणि प्रमाण चुकलं तर जिवाणूच मरतात. सुपर हाताशी असताना त्या वाटेला जाण्याचं कारण मला दिसत नाही.

संवर्धकाची पाकिटं घेतलीच पाहिजेत का? आणि नुसती पाकिटं टाकून युरिया टाळता येईल का?

पाचटावर बुरशी-जिवाणू मुळातच असतात. संवर्धकानं सुरुवात लवकर होते, म्हणून मी वापरतो. पण माणसं वाढवली आणि भाकरी नाही वाढवली तर काम होत नाही. नत्र कुठून तरी यायलाच हवं: युरियातून, कोंबडीखतातून, गोमूत्रातून किंवा हिरव्या पाल्यातून. पाकिटाची मुदत तेवढी बघून घ्या.

खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) पाचट जागच्या जागी कुजवायचं असेल तर?

हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर, १० किलो संवर्धक. बुडखे छाटून झाल्यावर पाचट सरीत दाबून त्यावर हे द्यायचं, बगला फोडताना थोडी माती चढवायची आणि पाणी द्यायचं. इथला युरिया हा पाचटाचा आहे, खोडव्याचा हप्ता त्यातून कापू नका. आमच्या एका पट्ट्यात एकदा हा युरिया द्यायचा राहून गेला होता. दीड महिन्याचा खोडवा शेजारच्या पट्ट्याशेजारी फिकट, लिंबाच्या सालीसारखा दिसत होता. मधे फक्त एक सरी होती, आणि रंगाची रेघ बांधावरून दिसत होती.

या ढिगात गांडूळ सोडता येतील का?

लगेच नाही. ताज्या युरियात आणि उष्णतेत गांडूळ मरतात. ढीग पूर्ण निवला, अमोनियाचा वास गेला, की आधी पाच-दहा गांडूळ एका टोपल्यात तेच खत घेऊन सोडा. दुसऱ्या दिवशी ते आत गेलेले दिसले तर बाकीचे सोडा. कडेनं वर चढून पळत असतील तर आणखी पंधरा दिवस थांबा.

युरिया घातलेलं कंपोस्ट सेंद्रिय म्हणवता येईल का?

सेंद्रिय प्रमाणपत्राच्या शेतात नाही. तिथे युरिया आणि सुपर दोन्ही बंद आहेत. खनिज रॉक फॉस्फेट आणि जिप्सम नियमांच्या मर्यादेत चालतात, नत्रासाठी शेण, गोमूत्र, पेंड, हिरवा पाला वापरायचा. प्रमाणपत्र संस्थेला आधी विचारून घ्या.

हा वाद जुना आहे. १९२१मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी शेणाशिवाय, नुसत्या काडाला नत्राची रसायनं देऊन खत करून दाखवलं. पुढे त्याची ॲडको नावाची भुकटी बाजारात आली. त्याच दशकात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांची इंदूर पद्धत बसवली. आपल्या पुसदच्या नाडेपकाका पंढरीपांडे यांचं विटांचं टाकंही रसायनाशिवायच चालतं. ज्याच्या गोठ्यात जनावरं आहेत त्यानं इंदूर किंवा नाडेप खुशाल करावं. पण आज दहा एकर पाचट आणि दावणीला एकच म्हैस अशी परिस्थिती असलेल्या घराला मी आठ किलो युरिया घ्यायला सांगतो. पाचट पेटवण्यापेक्षा ते हजारपट बरं.

खत तयार झालं हे कसं ओळखायचं?

ढीग उघडताना आधी मधल्या थरावर राखेसारखा पांढरा थर आणि धागे दिसतात, अनेकजण त्याला घाबरतात. ती कुजवणारी बुरशी आणि ॲक्टिनोमायसिटिस (बुरशीसारखे धागे करणारे जिवाणू) असतात, चांगली खूण आहे. तीन-चार महिन्यांनी रंग गडद तपकिरी होतो, पान बोटात चोळलं की मोडतं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. पाणी मारून उलथवल्यावरही पुन्हा तापत नसेल तर काम झालं.

खात्रीसाठी घरच्या घरी हळिवाची चाचणी करा. एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून गाळा. दोन ताटल्यांत फडकं पसरा, एकीत हे पाणी, दुसरीत साधं पाणी, दोन्हींत वीस-वीस हळिवाचे दाणे. तीन दिवसांनी मोड मोजा, मुळाची लांबी बघा. खताच्या ताटलीतली मुळं आखूड, टोकाला तपकिरी असतील तर खतात अजून अमोनिया किंवा क्षार आहेत. कच्चं खत रानात नेऊ नका, ते पिकाचं नत्र तर ओढतंच, शिवाय अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते.

प्रयोगशाळेत काय तपासून घेऊ?

कर्ब-नत्र गुणोत्तर, सामू आणि क्षारता. खत नियंत्रण आदेशाच्या निकषांत गुणोत्तर २०च्या खाली आणि क्षारता जास्तीत जास्त ४ डेसिसायमन प्रति मीटर आहे. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर क्षारता आवर्जून तपासा, कारण युरिया-सुपरचे क्षार आणि पाण्याचे क्षार एकत्र होतात. नमुना ढिगाच्या आठ-दहा जागांहून, वीतभर आतून घ्या.

तयार खत पावसाळ्याआधी वापरता आलं नाही तर?

उंचवट्यावर ढीग करून ताडपत्री घाला. उघड्या ढिगातून पावसात तपकिरी पाणी वाहताना दिसतं, त्यात नायट्रेट आणि पालाश असतात. ताडपत्री चारही कडांनी दगड लावून दाबा, पण मधून आठवड्याला एकदा उघडीप बघून तासभर हवा द्या.